दिवेलागणीचा पारा

"सहा पॉइंट चार," पांढऱ्या पेटीत डोकं घालून नाना म्हणाले. "लिही, सूनबाई."

मी ओट्यावरच्या फळ्यासमोर खडू धरून उभी होते. हात उचलला आणि तसाच हवेत राहिला. कारण त्या पेटीत थर्मामीटर नव्हताच. तो घरात होता, स्वयंपाकघरातल्या फडताळात, मऊ फडक्यात गुंडाळून मी स्वतः ठेवलेला.

"लिहिलंस का?"

"हो, लिहिते," मी म्हणाले आणि लिहिलं. ६.४.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की नाना माझी परीक्षा बघताहेत. आदल्या संध्याकाळी, आकडा लिहून झाल्यावर, सणाची साफसफाई करताना मी ती पेटी खसाखसा धुतली होती. थर्मामीटर फुटू नये म्हणून आत नेऊन ठेवला आणि परत टांगायचा राहून गेला. सून आपणहून सांगते का, हे बघत असतील, असं मला वाटलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात नाना पेटीचं दार लावायला लागले. कडी त्यांना सापडेना. बोटं दोनदा तिच्या शेजारून घसरली, तिसऱ्यांदा लागली. मग ओट्याच्या कडेवरून एक हात फिरवत ते पायऱ्या चढले आणि माझ्या शेजारून, माझ्याकडे न बघता आत गेले.

नानांना दिसत नव्हतं.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली. लग्न होऊन मी निफाड तालुक्यातल्या करंजवाडीला आले ती दिवाळीनंतर, आणि हा दिवस भोगीचा. घरात आम्ही दोघंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. माझे यजमान, विलास, नाशिकला कारखान्यात होते, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. बाकीचे दिवस मी आणि माझे सासरे, रंगनाथ नाना.

नाना एस.टी.त ड्रायव्हर होते. सगळा जन्म कसारा घाटात आणि सापुताऱ्याच्या वळणांवर गेला, पण गाडीला कधी ओरखडा आला नाही. दाट धुक्यात रस्ता गिळला जायचा तेव्हा प्रवासी देवाचं नाव घ्यायचे आणि नाना मनाशी म्हणायचे, हे धुकं इथंच का बसलं, मागच्या वळणावर का नव्हतं? त्या नादातून त्यांना हवेचं वेड लागलं. रिटायर होताना डेपोतल्या मित्रांनी विचारलं, "रंगनाथ, तुला चांदीचा गणपती देऊ का?" तर हे म्हणाले, "त्यापेक्षा चांगला थर्मामीटर द्या." मग सुताराकडून फटी-फटींची लाकडी पेटी करून घेतली, तिला पांढरा रंग दिला, चार पायांवर अंगणात उभी केली. सकाळी सातला आणि दिवेलागणीला असं रोज दोनदा पेटी उघडायची आणि आकडा रस्त्याकडच्या फळ्यावर लिहायचा. आधी लोक हसले. पण आमचा भाग द्राक्षांचा. जानेवारीत मणी फुगायला लागतात आणि पारा फार खाली गेला की एका पहाटेत तडकतात. त्यामुळे हसणारेच हळूहळू फळा वाचायला थांबू लागले.

लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी नानांनी खडू माझ्या हातात दिला. "तुझं अक्षर चांगलं आहे म्हणे. आता तू लिही." मला केवढा मान वाटला होता! त्यानंतर मात्र त्यांनी माझ्याकडे कधी धड पाहिलं नाही. एकदा आठवडी बाजारात मी समोरून आले, हातात भाजीची पिशवी. नाना माझ्या अंगावरून गेल्यासारखे गेले, ओळखसुद्धा दाखवली नाही. मी घरी येऊन रडले. शनिवारी विलासना विचारलं, "नानांना मी पसंत नव्हते का?" ते म्हणाले, "अगं, त्यांचा स्वभावच तसा आहे."

आणि आता भोगीच्या सकाळी, चुलीपुढे बसून, मला सगळं एकेक करून उलगडत होतं. नाना चहा ओतताना कपाच्या आत बोट का धरतात. पेपर हातात घेऊन बसतात, पण पान का उलटत नाहीत. देवाला जाताना भिंतीच्या कडेकडेनं का चालतात. स्वभाव नव्हताच तो. त्या माणसानं मला अजून पाहिलंच नव्हतं.

नाना देवळात गेले तशी मी थर्मामीटर पदराआड घेऊन बाहेर आले आणि जागेवर टांगला. अंगण झाडून होईपर्यंत थांबले आणि वाचला. ऊन वर आलं होतं तरी पारा सातच्या आसपासच होता. म्हणजे नानांनी सांगितलेला आकडा काही फार चुकला नसावा. मी चकित झाले, आणि थोडी निर्धास्तही. म्हटलं, बरोबर येतंय ना, मग आपण कशाला तोंड उघडा. म्हाताऱ्या माणसाची झाकली मूठ आहे, राहू दे झाकलेली.

दुपारी भोगीचा स्वयंपाक केला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांगी-हरभरा-गाजराची भाजी. त्या दिवशी दुपारीसुद्धा हवेत गारठा होता, म्हणून नाना चुलीपाशीच पाट घेऊन बसले. जेवण झाल्यावरही उठले नाहीत. घोंगडी पांघरून, निखाऱ्यांकडे तळवे करून डुलक्या घेत राहिले. रेडिओवर उत्तरेकडून थंडीची लाट येत असल्याचं सांगितलं. चारच्या सुमारास मी सहज पेटी उघडून पाहिली, तर सतरा. वारा पूर्ण पडला होता. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, ढगाचं बोटभर चिंधडं नाही.

दिवे लागायच्या वेळेला पोपटतात्या आले. आमच्या घरापलीकडेच त्यांची द्राक्षबाग. माणूस मोठा गप्पिष्ट, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला होता.

"नाना, काय म्हनतोय पारा?" ओट्यावर टेकत ते म्हणाले. "रेडिओनं घाबरवून ठेवलंय. रात्री शेकोट्या पेटवायच्या तर मानसं आत्ताच सांगाया पाहिजेत. उद्या संक्रांत, तशी कोणी यायला राजी नाही. नको असंल तर कशाला त्यांच्या सणाचा खोळंबा करू?"

"थांब, बघतो," म्हणून नाना चुलीपासून उठले आणि तसेच घोंगडी घेऊन अंगणात गेले. मी कंदील पुसत दारात उभी होते. थोड्याच वेळापूर्वी मी पेटी उघडून आले होते. आत किती आहे ते मला माहीत होतं.

नानांनी दार उघडलं, आत डोकं घातलं, नेहमीसारखा थोडा वेळ घेतला.

"सतरा," ते म्हणाले. "काही भ्यायचं कारण नाही. निवांत झोप, पोपट."

तात्यांचा जीव भांड्यात पडला. "झालं मग! तुमचा शब्द म्हंजे शब्द," म्हणत ते उठले, चपला पायात सरकवल्या.

पेटीत अकरा होतं.

नानांचाच नियम होता, गावातल्या पोराटोरांना पाठ झालेला: दिवेलागणीला पंधराच्या खाली गेला तर पहाट वाईट. आणि इथे अकरा! मी अवघ्या दोन महिन्यांची सून. डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता. परक्या माणसासमोर सासऱ्यांचं बोलणं खोडून काढायचं? आणि खोडलं तर तात्या विचारणारच, नानांनी सतरा कसे काय वाचले? उद्या सगळ्या गावात होईल, रंगनाथ ड्रायव्हर आंधळा झाला. नाही बोलावं तर समोरची सगळी बाग जाणार.

तात्या पायरी उतरले होते.

"नाना," माझा आवाज मलाच परका वाटला, "सतरा चार वाजताचं ना? तुम्हीच मला मघाशी सांगितलंत. आणि आत्ता मी दिवे लावायला उठले तेव्हा म्हणालात, अकरावर आलंय, फळ्यावर लिहून ठेव. मीच मेली विसरले लिहायला."

तात्या माझ्याकडे, मग नानांकडे बघायला लागले. नानांचा हात पेटीच्या दारावर होता. कंदिलाच्या उजेडात मला त्यांच्या कपाळाची शीर दिसत होती. रागावले असते तर मी समजू शकले असते. पण ते रागावले नाहीत. त्यांनी पेटीचं दार अगदी हळू लावलं, घोंगडी अंगावरून खाली घेतली आणि उघड्या अंगावर थंडी घेत क्षणभर उभे राहिले.

"अकरा," शेवटी ते म्हणाले. "खरंय तिचं. चुलीपुढे बसून माझं डोकं तापलंय. पोपट, माणसं बोलाव. उसाच्या पाचटाचे ढीग लावून ठेव, पहाटे धूर बागेवर बसला पाहिजे. आणि पाणी सोड. आसपासच्या सगळ्यांना सांग."

"आत्ता?"

"आत्ता. पळ!"

तात्या खरोखरच पळाले. त्यांच्या हाका वाटेनं लांब लांब जात राहिल्या, "ए भिका, ए संतू, चला रं!"

नाना ओट्यावर येऊन बसले. मी आत जायला निघाले, तर म्हणाले, "बस इथं."

मी खांबाला टेकून बसले.

"कधीपासून माहीत आहे?"

"आज सकाळपासून. पेटीत थर्मामीटर नव्हता, नाना. मी आत ठेवला होता."

त्यांनी "अस्सं" म्हटलं आणि मग, माझा विश्वास बसेना, ते हसले. पोट हलेपर्यंत हसले. "म्हणजे मी रिकाम्या पेटीत डोकं घालून सहा पॉइंट चार! आणि वर पॉइंट चार!"

मलाही हसू आवरेना. हसता हसता माझे डोळे भरून आले.

"विलासला सांगू नकोस," ते एकदम थांबून म्हणाले.

"का?"

"तो दवाखान्यात नेईल. तुझ्या सासूचा डोळा असाच ऑपरेशननं गेला. आत पू झाला आणि गेला. मोतीबिंदू काढायला गेलो होतो आणि डोळाच देऊन आलो. मी तिच्या उशाशी बसलो होतो, मला माहीत आहे." ते पुढे म्हणाले, "आणि दुसरं म्हणजे, ड्रायव्हर होतो मी. धुक्यात मागच्या सीटवरचे लोक निर्धास्त झोपायचे, कशाच्या जोरावर? माझ्या डोळ्यांच्या. त्याच माणसानं लोकांना जाऊन सांगायचं?"

"मग आकडा कसा सांगायचात?"

"पेटीची लोखंडी कडी असते ना, ती धरायची. कडी सांगते. नाकात हवा घेतली की टोचते किती ते कळतं. थंडी जास्त असली की लांबचा आवाज जवळ येतो, रेल्वेची शिटी ओट्यावर वाजल्यासारखी. एवढी वर्षं आधी बघत आलो आणि मग अंगावर घेत आलो, त्यामुळे दोन्हींची सांगड बसली. आज तेवढी चूल नडली."

मी म्हणाले, "आज नडली. उद्या दुसरं काही नडेल. डॉक्टरांना नुसतं दाखवू तरी."

नानांनी मान हलवली. मग त्यांच्यातला जुना हट्टी ड्रायव्हर जागा झाला. "असं करू. उद्या सकाळी सातला मी पेटीपाशी न जाता सांगतो. तू वाच. अर्ध्या अंशाच्या आत आलं, तर डॉक्टरचं नाव या घरात काढायचं नाही. चुकलं, तर तू म्हणशील तिथं येतो. आणि वाचायचं ते खरं वाचायचं. शब्द दे."

मी शब्द दिला. खरं तर चुलीपासून लांब बसले तर नाना चुकणार नाहीत हे मलाही कळत होतं.

सकाळी उठले तेव्हा हंड्यातल्या पाण्याला हात लाववेना. नाना माझ्याआधी उठून अंगणात उभे होते, घोंगडी न घेता, नुसत्या बंडीवर. सगळीकडे धुराचा वास होता.

"तीन," ते म्हणाले. "फार तर एखादा ठिपका इकडेतिकडे. वाच."

मी पेटी उघडली. पारा तीनच्या रेघेला टेकून उभा होता. मी वाकून वाचलं, पुन्हा वाचलं. एवढंच म्हणायचा अवकाश होता, "साडेचार, नाना, चुकलात." म्हातारा ऐकून निमूट नाशिकला आला असता.

"तीन," मी म्हणाले. "बरोबर तीन."

"बघ!" त्यांनी मांडीवर थाप मारली. पण ती थाप जरा पोकळ वाजली. त्यांनी विचारलं, "बागेचं काय दिसतंय?"

आमच्या अंगणातून उतारावरची तात्यांची बाग पूर्ण दिसायची. मी तिकडे पाहिलं आणि बघतच राहिले.

"नाना, धूर बागेवर चादरीसारखा पसरलाय. अगदी सपाट. वर जात नाही, हलत नाही. मांडवाचे नुसते खांब वर आलेत. मधूनमधून माणसं दिसतात, कमरेपर्यंत धुरात. आणि सूर्य आत्ता येतोय त्याच्यातून, तांबडालाल, डोळ्यांनी बघता येतो असा."

"आणि गवत? बांधावरचं गवत बघ."

मी कुंपणापाशी गेले. बांधावरचं सगळं गवत पांढरं झालं होतं. "मीठ पेरल्यासारखं दिसतंय, नाना. पात्यापात्याला बारीक खडे. हात लावला तर कुरकुरतंय. आता ऊन पडलं, तर... नाना, तुम्हाला कसं सांगू? सगळा बांध चमकायला लागलाय."

मी वळून पाहिलं, तर ते त्या दिशेनं तोंड करून उभे होते, भुवया आवळून, जणू फार लांबचा मैलाचा दगड वाचताहेत.

तेवढ्यात तात्या आले. अंगभर काजळी, डोळे धुरानं लाल, हातात एक घड. "नाना, एक मनी तडकला नाही! नदीकडच्या अंगाला ज्यांनी जाळ केला नाही त्यांची दैना झाली. घ्या, अजून आंबट आहेत, पन घ्या." आणि रडावं की हसावं न कळून ते नानांच्या पाया पडले.

नानांनी घड हातात घेतला. एकेक मणी अंगठ्यानं चाचपत राहिले.

"पोपट," ते म्हणाले, "तुझी जीप नाशिकला कधी जाणार आहे?"

"उद्याच. का हो?"

"मला आणि सूनबाईला न्यायचंय. डोळ्यांच्या दवाखान्यात." आणि तात्या काही विचारायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "मला दिसत नाही रे. बऱ्याच दिवसांपासून दिसत नाही. काल हिनं तुझी बाग वाचवली, मी नाही."

तात्या म्हणाले, "नाना, आमाला वाटायचं तुमी आताशा आखडू झाला. वाटंत हाक मारली तरी बघत न्हाई." आणि दोन्ही हातांनी नानांचा हात धरून कितीतरी वेळ उभे राहिले.

तात्या गेल्यावर मी विचारलं, "नाना, पैज तर तुम्ही जिंकला होतात."

"जिंकलो की," ते म्हणाले. "थंडी किती ते मला कळतं गं. पण ते गवत कसं चमकतं ते काही अंगाला कळत नाही. तू सांगत होतीस आणि मला वाटत होतं, बाजूला सर पोरी, मला बघू दे."

ऑपरेशन झालं. विलास रजा काढून सोबत होते, पण नानांनी आत जाताना माझा हात मागितला. त्यांचा स्वतःचा हात गार पडला होता. उजवा डोळा स्वच्छ आला. डाव्याच्या मागे काही जुनाट बिघाड होता, तो तसाच धुरकट राहिला. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली, तेव्हा नानांनी आधी छताचा पंखा पाहिला, मग भिंतीवरचं कॅलेंडर, मग विलासना. म्हणाले, "जाड झालास." मग माझ्याकडे वळले आणि खूप वेळ पाहिलं. मला लाजून कुठे बघावं कळेना.

"आवाजावरून मला वाटायचं तू उंच असशील," ते म्हणाले.

परत येताना जीप नको म्हणाले, एस.टी.च हवी. विलासना कामावर जायचं होतं, तेव्हा आम्ही दोघंच निघालो. हिरवा चष्मा लावून नाना ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसले आणि नाशिक सोडल्यापासून जे दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटले. "येथे उसाचा ताजा रस मिळेल. पुढे वळण आहे. श्री गजानन टायर वर्क्स. थुंकू नये." मागची बाई हसायला लागली, मग तिच्या मागचे. शेवटी कंडक्टर म्हणाला, "आजोबा, शाळेत पहिला नंबर होता का तुमचा?" नाना म्हणाले, "नाही रे बाबा, आजच घातलंय शाळेत."

करंजवाडीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. गार वारा सुटला होता. सवयीनं मी त्यांच्या मागे, दोन पावलांवर राहिले, ते ठेचकाळले तर सावरता यावं म्हणून. नाना भराभर पुढे गेले. कालव्याच्या चारीपाशी थांबले, मागे वळले आणि माझ्यापुढे हात केला.

"जपून ये, वैजयंता," ते म्हणाले. "इथं निसरडं आहे."